मधली पायरी : दक्षिणा फेलो ते तासिका तत्त्व

माध्यमिक शाळेत मराठी शिकवायची असेल तर बी.एड. व्हावे लागते. त्या अभ्यासक्रमात पाठाचे टाचण काढावे लागते, सूक्ष्म अध्यापनाचे पाठ घ्यावे लागतात आणि मागच्या बाकावर बसलेले निरीक्षक वहीत काय टिपून घेत आहेत याची धास्ती बाळगत पूर्ण तासभर फळ्यापुढे उभे राहावे लागते. महाविद्यालयात मराठी शिकवायची असेल तर यांपैकी काहीही करावे लागत नाही. एम.ए.ची पदवी आणि नेट किंवा सेटचे प्रमाणपत्र, अथवा पीएच.डी., एवढ्या भांडवलावर बावीस-तेवीस वर्षांची मुलगी किंवा मुलगा जूनमधल्या एका सकाळी प्रथम वर्ष कलाशाखेच्या वर्गात शिरतो. त्याच्या समोर ऐंशी-नव्वद विद्यार्थी असतात. महिन्या-दोन महिन्यांपूर्वीपर्यंत तो स्वतः बाकावर बसत होता. बाकावरून उठून फळ्यापर्यंत जाण्याचे हे अंतर त्याने कसे ओलांडायचे, याविषयी त्याला कोणीही काहीही सांगितलेले नसते.

हे असेच का, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. विषय ज्याला येतो त्याला तो शिकवताही येतो, असे आपण गृहीत धरून चालतो. हे गृहीतक कोठून आले, आणि ते येण्यापूर्वी आपल्याकडे दुसरी काही रीत होती काय, याचा शोध घेण्याचा प्रयत्न आम्ही या लेखात करणार आहोत. प्रशिक्षणशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हा इतिहास फारसा सापडत नाही. तो थोरामोठ्यांच्या चरित्रांमधून, बहुधा 'प्रारंभीची वर्षे' अशा शीर्षकाच्या प्रकरणांमधून, वेचावा लागतो.

मुंबई इलाख्यातील उच्च शिक्षणाचा प्रारंभ पाहू गेल्यास एक गोष्ट ठळकपणे दिसते. येथील पहिले एतद्देशीय प्राध्यापक थेट प्राध्यापक झाले नाहीत. ते आधी कोणाचे तरी 'असिस्टंट' होते. बाळशास्त्री जांभेकर १८३४ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजात साहाय्यक प्राध्यापक झाले तेव्हा त्यांचे वय अवघे बाविशीचे होते. त्यापूर्वी त्यांनी बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीत काम केले होते आणि १८३२ च्या जानेवारीत 'दर्पण' सुरू केले होते. कॉलेजात ते ऑर्लिबार या इंग्रज प्राध्यापकांच्या हाताखाली होते. 'हाताखाली' हा शब्द आज आपल्याला खटकतो, आणि वसाहतीच्या संदर्भात तो खटकायलाच हवा. बाळशास्त्रींची योग्यता पाहता त्यांना दुय्यम स्थान मिळावे याला वंशाखेरीज दुसरे सबळ कारण नव्हते. तरीही या दुय्यमपणात एक अनवधानाने घडलेली सोय होती. नवा शिक्षक एकटा नव्हता. त्याच्या आधी कोणीतरी त्याच विद्यार्थ्यांना शिकवत होते आणि ते त्याला पाहता येत होते.

दादाभाई नौरोजींचा प्रवासही असाच पायरीपायरीने झाला. १८४५ मध्ये ते एल्फिन्स्टन संस्थेत 'नेटिव्ह हेड असिस्टंट मास्टर' झाले, १८५० मध्ये साहाय्यक प्राध्यापक आणि १८५४ मध्ये गणित व पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. ज्या संस्थेत ते शिकले तिथेच, सुमारे नऊ वर्षांच्या अवधीत, ते विद्यार्थ्याचे प्राध्यापक झाले. या नऊ वर्षांच्या मध्यावर आणखी एक घटना आहे. तिच्याकडे समाजसुधारणेच्या इतिहासकारांचे लक्ष गेले आहे, परंतु अध्यापनाच्या इतिहासात तिची नोंद सहसा होत नाही. १८४८ मध्ये प्राध्यापक पॅटन यांच्या प्रोत्साहनाने 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन झाली आणि दुसऱ्याच वर्षी तिने मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या. या शाळांत आरंभी शिकवत होते ते एल्फिन्स्टनमधील विद्यार्थी आणि तरुण शिक्षक. वेतन न घेता, आपल्या स्वतःच्या कामाच्या वेळा सांभाळून ते शिकवत. या तरुणांना कॉलेजात इंग्रजीतून मिळालेले ज्ञान तेथे मराठीतून वा गुजरातीतून, अक्षरओळखीपासून मांडावे लागत होते. आपल्याला जे ठाऊक आहे ते दुसऱ्याला ठाऊक नाही, ही शिक्षकाची पहिली जाणीव. ती या तरुणांना मुलींच्या वर्गात झाली असणार, असे म्हणायला हरकत नाही.

१८५४ चा वुडचा खलिता हा भारतीय शिक्षणाच्या इतिहासातील मैलाचा दगड मानला जातो. आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यात एक फट आहे. खलित्याने विद्यापीठांची शिफारस केली, आणि त्यानुसार १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. त्याच खलित्याने शाळामास्तरांच्या प्रशिक्षणासाठी नॉर्मल स्कुले काढावीत आणि शिकणाऱ्या उमेदवारांना विद्यावेतन द्यावे, अशीही शिफारस केली. शाळेच्या शिक्षकाला शिकवायला शिकवले पाहिजे, हे तत्त्व अशा रीतीने सरकारी धोरणात आले. कॉलेजच्या शिक्षकाबाबत मात्र असे काही म्हणण्याची गरज कोणाला भासली नाही. त्या काळचे प्राध्यापक बहुतांशी इंग्लंडहून येत, आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या पदवीधराला शिकवण्याचे धडे देण्याची कल्पना त्या विद्यापीठांतही रुजलेली नव्हती.

या दोन वाटा पुण्यात अगदी शेजारी शेजारी दिसतात. कृष्णशास्त्री चिपळूणकर काही काळ पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्रमुख होते, आणि 'मराठी शालापत्रक' हे शाळामास्तरांसाठी चालणारे मासिक त्यांच्या हातून पुढे विष्णुशास्त्र्यांकडे आले. शाळेच्या शिक्षकासाठी विद्यालय होते, विद्यावेतन होते, मासिक होते. कॉलेजात शिकवू पाहणाऱ्यासाठी यांपैकी काही नव्हते. त्याच्यासाठी होती एकच गोष्ट, आणि तिचे नाव होते दक्षिणा फेलोशिप.

'दक्षिणा' या शब्दामागे दीर्घ इतिहास आहे. विद्वान ब्राह्मणांना श्रावणात दक्षिणा वाटण्याची प्रथा दाभाड्यांनी तळेगावी सुरू केली आणि पेशव्यांनी ती पुण्यात मोठ्या प्रमाणावर चालवली. १८१८ मध्ये पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी ती एकदम बंद केली नाही. तिच्या रकमेचा काही भाग वळवून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली गेली. १८४९ मध्ये पुण्यातील काही सुधारणावाद्यांनी सरकारकडे अर्ज करून या निधीचा काही भाग मराठीतील उपयुक्त ग्रंथांच्या पारितोषिकांकडे वळवावा अशी मागणी केली, आणि त्यावरून शहरात मोठी खळबळ उडाली. १८५१ पासून दक्षिणा प्राइझ कमिटी काम करू लागली. त्याच वर्षी पाठशाळा इंग्रजी शाळेशी जोडली जाऊन पूना कॉलेज झाले. तेच पुढचे डेक्कन कॉलेज. या साऱ्या घडामोडींतून, १८५० च्या दशकाच्या अखेरीस, त्याच निधीतून कॉलेजातील हुशार तरुणांना फेलो नेमण्याची पद्धत सुरू झाली.

फेलो म्हणजे नेमके काय? तो विद्यार्थी होता, कारण त्याने आपला अभ्यास चालू ठेवून पुढच्या परीक्षा द्यायच्या होत्या. तो शिक्षकही होता, कारण कॉलेजातील खालच्या वर्गांना त्याने काही तास शिकवायचे होते. आणि त्याला दरमहा ठराविक रक्कम मिळत होती. महादेव गोविंद रानडे यांच्या चरित्रांत कनिष्ठ फेलो म्हणून ६० रुपये आणि पुढे वरिष्ठ फेलो म्हणून १२० रुपये असे आकडे येतात. त्या काळी ही रक्कम एखाद्या कारकुनाला हेवा वाटावा अशी होती. रामकृष्ण गोपाळ भांडारकरही फेलो होते. १८६२ मध्ये मुंबई विद्यापीठाचे पहिले चार बी.ए. बाहेर पडले, त्यांत हे दोघेही होते. म्हणजे पदवी हाती येण्यापूर्वीच ते कॉलेजच्या शिक्षकवर्गाच्या उंबरठ्यावर येऊन उभे राहिले होते.

उंबरठ्यावरच्या या वर्षांत काय घडत होते, ते भांडारकरांच्या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे. भांडारकरांचे शिक्षण इंग्रजी पद्धतीने झाले होते. संस्कृताकडे ते गंभीरपणे वळले ते फेलो झाल्यावर, आणि त्यासाठी ते जुन्या पठडीतील शास्त्र्यांपुढे बसले. एका बाजूला ते कॉलेजात नव्या पद्धतीने शिकवणारे तरुण होते, तर दुसऱ्या बाजूला शास्त्रीबुवांपुढे मुळाक्षरांपासून व्याकरण गिरवणारे विद्यार्थी. शिकणे आणि शिकवणे ही दोन्ही कामे एकाच माणसाने एकाच काळात करण्याची ही अवस्था विरळा. पुढे १८६० च्या दशकात, शाळांतून अध्यापन करत असताना, त्यांनी 'मार्गोपदेशिका' आणि तिच्यामागोमाग 'संस्कृतमन्दिरान्तःप्रवेशिका' ही क्रमिक पुस्तके लिहिली. संस्कृत शिकू पाहणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या या पुस्तकांवर पोसल्या गेल्या. त्यांची मांडणी पाहावी. थोडे नियम, थोडे शब्द, लगेच वाक्ये. वाक्यांचे इकडून तिकडे आणि तिकडून इकडे भाषांतर. मग पुढचा पाठ. ज्याने संस्कृत मोठेपणी, प्रयत्नाने, दोन भिन्न परंपरांच्या मध्ये उभे राहून मिळवले, त्यालाच विद्यार्थी नेमका कोठे अडखळेल हे इतके अचूक ठाऊक असते. या पुस्तकांत आम्हांला भांडारकरांच्या फेलोपणाची छाया दिसते, ती याच कारणाने.

रानड्यांचे फेलोपण दुसऱ्या अर्थाने बोधप्रद आहे. ब्रिटिश राज्यकारभार आणि मराठ्यांचा राज्यकारभार यांची तुलना करणारा निबंध त्यांनी लिहिला, आणि प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांचा रोष ओढवून त्यांचे वेतन सहा महिने बंद झाले, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. मधल्या पायरीवरच्या माणसाची परवशता या प्रसंगात पुरती दिसते. विद्यार्थ्याला फार तर गुण कमी पडतात. प्राध्यापकाला नियमांचे थोडेफार संरक्षण असते. फेलोला दोन्हीचे तोटे. हेच रानडे १८६८ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजात इंग्रजी आणि इतिहास शिकवू लागले.

तेव्हा या पद्धतीचे गोडवे गाण्याआधी तिच्या मर्यादा स्पष्ट केल्या पाहिजेत. पहिली मर्यादा सामाजिक आहे. निधीचे मूळच ब्राह्मणांच्या दक्षिणेत होते, आणि ही पायरी ज्यांच्या वाट्याला आली ते पहिले तरुण बहुतांशी त्याच जातींमधले होते. जोतीराव फुले यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक १८५५ मध्ये याच दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिले होते, आणि ते नाकारले गेल्याची हकीकत त्यांनी स्वतः 'गुलामगिरी'मध्ये सांगितली आहे. ज्या निधीने एका तरुणाला प्राध्यापक होण्यासाठी उसंत दिली, त्याच निधीच्या दारातून दुसरा लेखक परत पाठवला गेला. त्याच फुले दांपत्याने मुलींच्या आणि शूद्रातिशूद्रांच्या शाळा चालवल्या, हे या संदर्भात विसरता येत नाही. दुसरी मर्यादा शैक्षणिक. फेलोला शिकवायला कोणी विधिवत शिकवत नव्हते. तो पाहून शिकत होता, आणि ज्याला पाहायचे ते प्राध्यापक चांगले असतीलच याची शाश्वती नव्हती.

या मर्यादा जमेस धरूनही एक गोष्ट उरते. दक्षिणा फेलोला मिळणारे पैसे महिन्याचे होते. त्यात त्याचे शिकवणे येत होते, तसेच न शिकवणेही येत होते. ग्रंथालयात बसणे, शास्त्र्यांकडे जाणे, प्राध्यापकांचे व्याख्यान ऐकणे, आपल्या फसलेल्या तासाचा विचार करणे, हे सारे त्याच वेतनात सामावलेले होते. नवशिक्या शिक्षकाचा विकास तासांच्या मधल्या वेळात होतो. त्या वेळाची किंमत कोणीतरी मोजत होते. लेखाच्या उत्तरार्धात आम्हांला याच मुद्द्याकडे परत यायचे आहे.

१८८० नंतर चित्र पालटते. त्या वर्षीच्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. सरकारी निधीवर न विसंबता, तुटपुंज्या वेतनावर वीस-वीस वर्षे वाहून घेणारे आजीव सदस्य ही या संस्थांची ताकद होती. मात्र मनुष्यबळ मोजके आणि काम डोंगराएवढे, अशा स्थितीत नव्या शिक्षकाला उमेदवारीची मुभा कोण देणार? गोपाळ कृष्ण गोखले १८८४ मध्ये, अठराव्या वर्षी, बी.ए. झाले आणि पुढच्याच वर्षी न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवू लागले. फर्ग्युसनमध्ये त्यांनी कधी इंग्रजी शिकवले, कधी गणित, आणि पुढे इतिहास व अर्थशास्त्र. लागेल तो विषय शिकवणारा म्हणून सहकाऱ्यांत त्यांना 'प्रोफेसर टू ऑर्डर' असे विनोदाने म्हटले जाई. गोखल्यांनी अपार कष्टांनी हे निभावले. अंकगणितावरचे त्यांचे क्रमिक पुस्तक सर्वत्र खपले, आणि १९०२ पर्यंत ते शिकवत राहिले. परंतु अपवादात्मक माणसाच्या कष्टांनी जे साधले त्याची पुढे सर्वसाधारण रीत झाली. नवा माणूस आला, त्याला वेळापत्रक द्या, वर्ग दाखवा, तो शिकेल. त्यागाची ही परंपरा आम्हांला वंदनीय आहे. खासगी महाविद्यालयांच्या जाळ्यातून शिक्षण खेडोपाडी पोहोचले ते तिच्यामुळेच. मधली पायरी मात्र या विस्तारात हरवली. 'दक्षिणा फेलो' ही उपाधी विसाव्या शतकाच्या आरंभीही चालू होती, पण महाविद्यालयांच्या वाढत्या संख्येपुढे तिचे प्रमाण नगण्य झाले. विज्ञानशाखेत डेमॉन्स्ट्रेटरच्या रूपाने काहीतरी उरले. भाषांच्या विभागांत ट्यूटर हे पद काही ठिकाणी आले आणि विरले.

ही उणीव कोणाच्या लक्षात आलीच नाही, असे नाही. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने उच्च शिक्षणातील नव्या अध्यापकांविषयी जे म्हटले, ते आज वाचताना नवल वाटते. नव्या व्याख्यात्याला रुळण्यासाठी वेळ द्यावा, अनुभवी आणि चांगल्या अध्यापकांची व्याख्याने ऐकण्यास त्याला उत्तेजन द्यावे, आणि विद्यापीठांनी नव्या अध्यापकांसाठी नियमित उद्बोधन वर्ग घ्यावेत, असा त्या शिफारशींचा आशय आहे. रुळायला वेळ, चांगल्या शिक्षकाच्या वर्गात बसण्याची संधी आणि थोडे मार्गदर्शन. नवशिक्याला याहून अधिक काही लागत नाही.

पुढे झाले ते असे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर, १९८७ पासून, विद्यापीठ अनुदान आयोगाने अ‍ॅकॅडेमिक स्टाफ कॉलेजे सुरू केली. तेथील चार आठवड्यांच्या ओरिएंटेशनला हजारो प्राध्यापक जाऊन आले. त्यांत काही उत्तम व्याख्याने झाली, आणि दूरदूरच्या गावांतील समविषय अध्यापकांच्या मैत्रीही जुळल्या. परंतु या वर्गांना जाणारा मनुष्य आधीच नोकरीत कायम झालेला, बहुधा चार-पाच वर्षे शिकवून सवयी पक्क्या झालेला असे, आणि वेतनश्रेणीच्या पुढच्या टप्प्यासाठी त्याला प्रमाणपत्र हवे असे. २०१९ मध्ये आयोगाने नवनियुक्त अध्यापकांच्या प्रारंभिक प्रशिक्षणाची 'गुरु-दक्षता' ही मार्गदर्शिका काढली. ते पाऊल योग्य दिशेने होते, पण तेही नियुक्त झालेल्यांसाठी. 'दक्षिणा' जाऊन 'दक्षता' आली; मधल्या पायरीवरचा तरुण दोन्हींच्या बाहेर राहिला.

दरम्यान प्रवेशद्वारी परीक्षा आली. नेट १९८९ पासून सुरू झाली, आणि महाराष्ट्र व गोव्यासाठीची सेट परीक्षा १९९५ पासून पुणे विद्यापीठ घेऊ लागले. विषयाच्या ज्ञानाची एक किमान पातळी असावी, ही भूमिका योग्यच होती. मात्र २०१२ पासून नेट पूर्णतः बहुपर्यायी झाली, आणि जो उद्या वर्गात तासभर बोलणार आहे त्याला प्रवेशासाठी एक परिच्छेदही लिहावा लागेनासा झाला. कोणत्या ग्रंथाचे प्रकाशनवर्ष कोणते, याचे उत्तर त्याला देता येते. तो ग्रंथ ज्यांनी पाहिलेला नाही अशा नव्वद जणांना तो वाचावासा कसा वाटेल, हा प्रश्न त्याला कोणीही विचारलेला नसतो.

आणि या परीक्षेतून पार पडलेला तरुण जातो कोठे? महाराष्ट्रातील मराठीच्या विद्यार्थ्यांना याचे उत्तर वेगळे सांगायला नको. तो तासिका तत्त्वावर लागतो. सीएचबी ही तीन अक्षरे आमच्या विभागांच्या बोलीभाषेत इतकी मुरली आहेत की त्यांचा विस्तारही कोणी करत नाही. घेतलेल्या तासाचे पैसे, न घेतलेल्या तासाचे नाहीत. सुट्टीचे नाहीत, तयारीचे नाहीत, पेपर वाचून विद्यार्थ्याला समोर बसवून समजावण्याचे नाहीत. सकाळी एका महाविद्यालयात तीन तास आणि दुपारी एस.टी.ने दुसऱ्या गावी जाऊन दोन तास, असे वेळापत्रक जुळवणारे कितीतरी तरुण सहकारी आमच्या ओळखीचे आहेत. विभागप्रमुखांच्या वर्गात मागे बसून ऐकावे, असे त्यांच्यापैकी कोणाला वाटले तरी ते परवडणार कसे? तो तास कोणाच्याही हिशेबात धरला जात नाही.

येथे आम्हांला पूर्वार्धातील मुद्द्याकडे परत यायचे आहे. दक्षिणा फेलोचे एकक महिना होते. तासिका तत्त्वाचे एकक तास आहे. वरवर पाहता हा केवळ हिशेबाचा फरक वाटतो. परंतु ज्या एककाने आपण माणसाचे काम मोजतो, त्याच एककात तो विचार करू लागतो. तासाने मोजलेला शिक्षक तास भरून काढायला शिकतो. तास भरून काढण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे नोट्स सांगणे. विद्यार्थी लिहून घेतात, वर्ग शांत राहतो, अभ्यासक्रम वेळेत संपतो, परीक्षेत तेच उत्तरांत परत येते. अशा रीतीने कविता वर्गात येते ती तिच्या 'आशय, अभिव्यक्ती आणि वैशिष्ट्ये' या तीन उपशीर्षकांसह. ती मोठ्याने, सावकाश, दोनदा वाचली जात नाही. या तरुणाला आम्ही दोष देत नाही. कविता वाचून झाल्यावर वर्गात जी शांतता पसरते ती कंटाळ्याची की विचाराची, हे ओळखायला आणि ती शांतता थोडी सोसायला त्याला कोणीतरी शिकवायला हवे होते.

मराठीच्या वर्गात ही उणीव अधिक महाग पडते, असे आम्हांला वाटते. तालुक्याच्या गावी कलाशाखेत येणारे विद्यार्थी बऱ्याचदा घरातली महाविद्यालयात गेलेली पहिली पिढी असतात. त्यांची बोली अहिराणी असेल, वऱ्हाडी असेल, मालवणी असेल. 'न' आणि 'ण' यांच्या उच्चारावरून पहिल्याच आठवड्यात वर्गात हशा पिकला आणि शिक्षकाने तो हसण्यावारी नेला, तर तो विद्यार्थी तीन वर्षांत पुन्हा तोंड उघडत नाही. तोच प्रसंग हातात घेऊन त्यातून भाषेच्या रूपांविषयी एक उत्तम तास उभा करता येतो. यातला कोणता मार्ग घ्यायचा हे त्या क्षणी ठरते, आणि त्या क्षणासाठी एम.ए.च्या भाषाविज्ञानाच्या पेपरात काही लिहिलेले नसते. असा प्रसंग दुसऱ्या कोणी कसा हाताळला हे ज्याने पाहिले आहे, त्याचे निम्मे काम झालेले असते. ज्याने ते पाहिलेले नाही, तो आपल्या विद्यार्थ्यांवर शिकतो. त्या शिकण्याची किंमत त्याला फारशी पडत नाही. त्याच्या पहिल्या दोन-तीन वर्षांच्या विद्यार्थ्यांना पडते.

अमेरिकेत पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी टीचिंग असिस्टंट म्हणून शिकवण्याची पद्धत जुनी आहे. आपल्याकडून तिकडे गेलेल्या असंख्य मराठी विद्यार्थ्यांनी या 'टीए'गिरीवर आपले शिक्षण पुरे केले आहे. तेथेही दीर्घकाळ या सहायकांना न शिकवताच वर्गात धाडले जाई. मिशिगन विद्यापीठाने १९६२ मध्ये अध्यापनसुधारणेसाठी स्वतंत्र केंद्र काढले, आणि १९८६ मध्ये ओहायो राज्य विद्यापीठात या सहायकांच्या नेमणुकीवर आणि तयारीवर राष्ट्रीय परिषद भरली. त्यानंतर सत्रापूर्वीचे वर्ग, अनुभवी शिक्षकाने येऊन बसणे, उत्तरपत्रिका एकत्र तपासून गुणदानाचे निकष जुळवणे, या गोष्टी तेथे पसरत गेल्या. तेथील सहायकांची स्थिती सुखाची आहे असे नाही. कमी वेतनात जास्त काम करून घेतल्याच्या तक्रारी आणि संप तिकडेही होतात. पण नवशिक्याला तयार करणे ही विभागाची जबाबदारी आहे, एवढे तेथे निदान बोलले जाते.

आपल्याकडे आता एक लहानशी संधी आली आहे. आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. विषयक विनियमांनुसार प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याने आपल्या विषयाच्या अध्यापनाचे आणि लेखनाचे प्रशिक्षण घेणे अपेक्षित आहे, आणि ट्यूटोरियल, प्रयोगशाळा वा मूल्यमापन यांसाठी आठवड्याला ४ ते ६ तासांचे साहाय्य त्याच्याकडे सोपवता येते. कागदावर ही दक्षिणा फेलोची पुनर्स्थापनाच म्हणायला हवी. शिकतो आहे, शिकवतोही आहे. पूर्ण विद्यार्थी नाही, पूर्ण प्राध्यापक नाही. भीती एवढीच आहे की हे चार ते सहा तासही रिकाम्या जागा भरण्यासाठी वापरले जातील. विभागात शिक्षक कमी आहेत, तेव्हा संशोधकाला वर्ग द्या, आणि प्रशिक्षण म्हणून एक प्रमाणपत्र द्या.

ती भीती खरी ठरू नये यासाठी फार मोठ्या योजनेची गरज नाही. पहिल्या सत्रात संशोधकाने शिकवू नये. दोन भिन्न शिक्षकांच्या वर्गांत मागे बसावे आणि काय पाहिले ते लिहावे. दुसऱ्या सत्रात त्याने वीसेक विद्यार्थ्यांचे ट्यूटोरियल घ्यावे, आणि महिन्यातून एकदा मार्गदर्शकाने तेथे जाऊन बसावे. दहा उत्तरपत्रिका दोघांनी स्वतंत्रपणे तपासाव्यात आणि गुणांतील फरकावर बोलावे. हे सारे तास त्याच्या चार ते सहा तासांत मोजले जावेत. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची, कारण इतिहास पाहता मधली पायरी टिकली ती जेव्हा बसून ऐकण्याच्या वेळेलाही किंमत होती तेव्हाच. पूर्वीच्या पायरीवर ठराविक जातींचेच पाय पडले. आज विद्यापीठांच्या मराठी विभागांतील संशोधकांत मुली आणि बहुजन समाजातून आलेले विद्यार्थी मोठ्या संख्येने आहेत. पायरी पुन्हा बांधायची तर ती यांच्यासाठी बांधायची आहे.

मागच्या बाकावर जाऊन बसण्याचे काम अर्थात आम्हा जुन्या मंडळींनाच करावे लागेल. आपल्या वर्गाचे दार दुसऱ्या शिक्षकासाठी उघडे ठेवण्याची सवय आमच्या पिढीला नाही. ती आधी लावून घ्यावी लागेल.